आत येण्याचे दार मोठे, बाहेर पडण्याचे अरुंद

वाचकाचे पत्र, संक्षेपाने:

"मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आहे. लोकांना घरबसल्या व्यायाम शिकवणारे आमचे ॲप मासिक वर्गणीवर चालते आणि त्याचे चार लाखांच्या आसपास सदस्य आहेत. या वर्षी माझ्यासमोर तीन गोष्टी आल्या. सदस्यत्व रद्द करण्याच्या वाटेवर सात स्क्रीन घालण्याचे काम मला दिले गेले. सदस्य होताना मात्र दोनच लागतात. वापरकर्त्यांचे वय, वजन आणि झोपेच्या नोंदी जाहिरात कंपन्यांना देण्यासाठीच्या संमतीवर आधीच खूण करून ठेवायची, असेही ठरले. तिसरी गोष्ट माझ्या विभागाची नव्हती, पण माझ्या कानावर आली: सदस्यांच्या माहितीची एक प्रत नऊ दिवस सर्व्हरवर पासवर्डशिवाय उघडी पडून होती. कोणी ती उतरवून घेतल्याचा पुरावा नाही, म्हणून कोणालाच कळवायचे नाही, असा निर्णय झाला. मी शंका काढली तेव्हा वरिष्ठ म्हणाले, 'सगळेच असे करतात, वकिलांनी पाहिले आहे, आणि धंद्याची जबाबदारी नफा मिळवण्याची असते.' याच कंपनीला वृक्षलागवडीसाठी सामाजिक उत्तरदायित्वाचा पुरस्कार मिळाला आहे. मी जास्तच हळवी आहे का? नोकरी सोडावी का? माझ्या हाताखालच्या नव्या अभियंत्याने 'हे आपण का करतोय?' असे विचारले, त्याला काय सांगू?"

सप्रेम नमस्कार,

तुमच्या तीन गोष्टींपैकी तिसरी आधी घेते, कारण बाकीच्या दोन आठवडाभर थांबू शकतात, ही थांबू शकत नाही. "पुरावा नाही" हे वाक्य दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत उच्चारले जाते. एका परिस्थितीत त्या नऊ दिवसांतल्या प्रवेशाच्या नोंदी, म्हणजे लॉग, पूर्णपणे जपलेले असतात, जाणत्या माणसाने ते ओळीने तपासलेले असतात आणि बाहेरचे कोणी त्या फाइलपर्यंत पोहोचल्याचे त्यांत दिसत नसते. दुसऱ्या परिस्थितीत लॉग चालूच नसतात, किंवा असले तरी कोणी ते उघडून पाहिलेले नसतात. पहिल्या ठिकाणी पुरावा नसणे हा तपासाचा निष्कर्ष असतो. दुसऱ्या ठिकाणी कोणी पाहिलेलेच नसते, आणि न पाहिलेल्या गोष्टीला "नाही" म्हणण्याचा अधिकार कोणालाच नसतो. तुमच्याकडे यांपैकी काय घडले हे पत्रावरून कळत नाही, आणि निर्णय घेणाऱ्यांनी तरी ते विचारले होते का, अशी मला रास्त शंका आहे.

म्हणून उद्याच सुरक्षा विभागाला शांत भाषेत एक छोटा ईमेल लिहा. त्या नऊ दिवसांचे लॉग उपलब्ध आहेत का आणि ते कोणी तपासले, एवढे विचारा, आणि ते पुसले जाऊ नयेत म्हणून राखून ठेवावेत, अशी विनंती करा. बहुतेक यंत्रणांत जुने लॉग ठरावीक मुदतीनंतर आपोआप काढून टाकले जातात, आणि एकदा ते गेले की खरे काय घडले हे कंपनीला स्वतःलाही पुन्हा कधी कळणार नाही. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळा. पुरावा हाती असावा म्हणून सदस्यांच्या माहितीची किंवा लॉगची प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा घरी नेऊ नका. तसे झाले तर गळतीकडे बोट दाखवणाऱ्या व्यक्तीकडूनच दुसरी गळती घडते, आणि मग चर्चा मूळ प्रश्नाची न होता तुमची होते.

"कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही" ही म्हण डिजिटल व्यवहाराला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल. २०१६ मध्ये उबरच्या सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवाशांची आणि चालकांची माहिती चोरीला गेली. कंपनीने चोरांना १ लाख डॉलर दिले, गप्प राहण्याच्या करारावर त्यांच्या सह्या घेतल्या आणि वर्षभर ही गोष्ट दडवून ठेवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या नेतृत्वाने ती जाहीर केली, २०१८ मध्ये अमेरिकेतील राज्यांशी १४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड करावी लागली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीच्या तेव्हाच्या सुरक्षाप्रमुखाला ज्यूरीने दोषी ठरवले. त्याच्यावरचा दोष लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. चोरी झाली हा त्याचा गुन्हा ठरला नाही. सरकारी चौकशी सुरू असताना ती लपवली, हा ठरला. चूक कोणत्याही यंत्रणेत होते, तुमच्या कंपनीतही झाली, आणि तिच्याबद्दल मी कोणाला फारसा दोष देणार नाही. चूक कळल्यानंतरच्या खोलीत जे ठरते, ते मात्र पूर्णपणे माणसांचे कर्तृत्व असते.

सदस्यांना कळवणे म्हणजे कंपनीने नाक घासणे, असे वरिष्ठांना वाटत असावे. प्रत्यक्षात ती सदस्याला स्वतःचे रक्षण करता यावे यासाठी दिलेली सूचना असते. ज्याला आपली माहिती उघडी पडल्याचे ठाऊक आहे तो पासवर्ड बदलतो आणि आपल्या वजनाचा किंवा आजाराचा उल्लेख करून आलेल्या अनोळखी संदेशाकडे सावधपणे पाहतो. ज्याला ठाऊक नाही तो त्याच संदेशावर विश्वास ठेवतो. युरोपीय संघाच्या २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण नियमावलीत म्हणूनच अशी घटना कळल्यापासून ७२ तासांच्या आत नियामकाला कळवण्याचे बंधन आहे, आणि लोकांना धोका संभवत नाही असे दाखवता आले तरच त्यातून सूट आहे. तुमच्या कंपनीला कोणता कायदा लागू होतो हे मी इथून सांगू शकत नाही, ते तुमच्या कायदा विभागाचे काम आहे. पण "वकिलांनी पाहिले आहे" या वाक्यावर एक प्रश्न विचारण्याचा हक्क तुम्हाला नक्की आहे: वकिलांना नेमके काय दाखवले होते? वकील जे समोर ठेवले जाते त्यावरच मत देतात. नऊ दिवस, चार लाख सदस्य, आरोग्याची माहिती, लॉगची स्थिती, हे सगळे त्यांच्यासमोर होते का, की फक्त "एक किरकोळ तांत्रिक त्रुटी" होती?

आता "धंद्याची जबाबदारी नफा मिळवण्याची" या वाक्याकडे वळते, कारण बाकी सगळे त्याच्याच आधाराने उभे आहे. हे मत अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी सप्टेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीत मांडले, आणि तेव्हापासून ते बैठकीच्या खोल्यांत अर्धवट सांगितले जात आहे. उरलेला अर्धा भाग असा, की हा नफा खेळाच्या नियमांत राहून, खुल्या स्पर्धेतून, फसवणूक आणि लबाडी न करता मिळवलेला असला पाहिजे. ज्यांचा आधार घेऊन तुमचे वरिष्ठ बोलत आहेत त्या फ्रीडमन यांनाही, माणसाला जे करायचे नाही ते त्याच्याकडून करवून घेऊन मिळवलेला पैसा मान्य नव्हता. मला स्वतःला फ्रीडमन यांचे मत अपुरे वाटते. कंपनीचे देणे भागधारकांपुरते नसते. कर्मचारी, ग्राहक आणि ज्यांनी ॲप कधी उघडलेही नाही पण ज्यांची माहिती कोणाच्या तरी संपर्कयादीतून आत आली, अशांचेही काही देणे असते. पण तुमच्या प्रश्नासाठी मला इतके दूर जाण्याची गरजच पडत नाही. सात स्क्रीनची वाट फ्रीडमन यांच्या कसोटीवरही उतरत नाही.

वृक्षलागवडीविषयी फार लिहीत नाही. झाडे लावणे चांगलेच आहे, आणि ज्यांनी ती लावली त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण कंपनीची जबाबदारी म्हणजे नफा हाती आल्यावर त्यातला थोडा वाटा सत्कार्याला देणे, ही समजूत मला घातक वाटते, कारण तिच्यामुळे नफा कोणत्या रीतीने आला हा प्रश्न दृष्टीआड होतो. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची आचारसंहिता ६४ पानांची होती; हिशेबातले घोटाळे उघड होऊन डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा त्या ६४ पानांनी ना भागधारकांना वाचवले ना निवृत्तिवेतनाची पुंजी गमावलेल्या कर्मचाऱ्यांना. तुमच्या कंपनीची नीती मला तिच्या वार्षिक अहवालात शोधायची नाही. ती त्या सात स्क्रीनवर लिहिलेली आहे.

त्या स्क्रीनबद्दल सविस्तर बोलले पाहिजे, कारण तुम्ही "मी जास्तच हळवी आहे का" असे विचारले आहे आणि या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

पूर्वी ग्राहकाला अडवून धरायचे असेल तर प्रत्येक वेळी एक माणूस लागत असे. खिडकीपलीकडच्या कारकुनाला "साहेब नाहीत, उद्या या" असे समोरच्याच्या तोंडावर सांगावे लागे. त्यातल्या शंभर कारकुनांपैकी पाच-दहा तरी समोर उभ्या असलेल्या थकलेल्या बाईकडे पाहून विरघळत आणि अर्ज घेऊन टाकत. अन्यायाच्या यंत्रणेत माणसे होती म्हणून दयेला फटी होत्या. तुमच्या सात स्क्रीनमध्ये अशी फट नाही. तो निर्णय एकदाच घेतला जातो, एकदाच लिहिला जातो आणि पुढे चार लाख लोकांवर रात्रंदिवस, न थकता, न लाजता चालत राहतो. संकोच वाटण्याची जागा त्या साखळीत एकच आहे, आणि ती म्हणजे तो निर्णय अमलात आणणाऱ्या माणसाचे टेबल. म्हणून तुमच्या हळवेपणाला मी दोष समजत नाही. पूर्वी जे काम शंभर कारकुनांची सदसद्विवेकबुद्धी थोडे थोडे करून पार पाडत असे, ते आज तुम्ही आणि तो नवा अभियंता, असे दोघेच करत आहात.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीच्या ग्राहकसेवा विभागात सल्लागार म्हणून काम करत होते आणि दोन दिवस कानाला हेडफोन लावून आलेले फोन ऐकत बसले होते. एका अंध गृहस्थांचा फोन आला. ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने ॲप वापरत आणि चार महिने सदस्यत्व रद्द करण्याचा प्रयत्न करत होते. "चालू ठेवा" हे बटण त्यांना दर वेळी ऐकू येई. "रद्द करा" हा दुवा फिकट राखाडी रंगात, तळाशी, वाचक सॉफ्टवेअरला ओळखता येईल असे नाव न देता ठेवलेला होता, त्यामुळे त्यांच्यापुरता तो अस्तित्वातच नव्हता. कोणी त्यांना मुद्दाम फसवले नव्हते. डोळसांचे लक्ष चुकवण्यासाठी केलेली युक्ती अंध माणसाच्या बाबतीत भिंत झाली होती. त्या संध्याकाळी मी महिन्याचा अहवाल उघडला तेव्हा ते गृहस्थ त्यात होते: "टिकवून ठेवलेले ग्राहक" या रकान्यात, चार महिन्यांच्या यशासह. तो रकाना मी आजवर विसरलेले नाही, आणि तुमच्या अहवालात तोच रकाना असेल याविषयी मला शंका नाही.

"सगळेच करतात" हे अंशतः खरे आहे, आणि त्याची किंमतही आता अनेकांना कळू लागली आहे. ब्रिटनमधील डिझाइन-तज्ज्ञ हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा युक्त्यांना डार्क पॅटर्न हे नाव दिले, तेव्हा तो व्यावसायिकांच्या वर्तुळातला शब्द होता. आज तो कायद्याच्या भाषेत आला आहे. अमेरिकेत ग्राहकांच्या हिताचे रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर दावा लावला, त्यात आरोप होता की लोकांना नकळत प्राइम या सशुल्क सेवेचे सदस्य करून घेतले जाते आणि बाहेर पडण्याची वाट मुद्दाम वळणावळणाची ठेवली आहे. त्या वाटेला कंपनीत एका प्रदीर्घ प्राचीन महाकाव्याचे नाव दिलेले होते, असेही दाव्यात नमूद होते. सप्टेंबर २०२५ मध्ये हे प्रकरण २५० कोटी डॉलरवर मिटले, त्यांतले १५० कोटी ग्राहकांना परत द्यायचे ठरले. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन घेतलेल्या वर्गण्यांसाठी संकेतस्थळावर सहज सापडेल असे रद्द करण्याचे बटण ठेवणे बंधनकारक आहे. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा युक्त्यांचे १३ प्रकार नोंदवले, आणि सदस्यत्वाचा सापळा हा त्यांतलाच एक आहे. वरिष्ठांशी बोलताना हे दाखले उपयोगी पडतील, कारण नीतीची भाषा ज्यांच्या कानात शिरत नाही त्यांना जोखमीची भाषा समजते. ती वापरायला काहीच हरकत नाही. फक्त स्वतःशी बोलताना ती वापरू नका. नाहीतर ज्या दिवशी कोणी पकडले जाणार नाही असे दिसेल, त्या दिवशी तुमच्याकडे नकाराचे कारणच उरणार नाही.

आधीच खूण केलेल्या चौकटीचा प्रश्न दिसायला लहान आणि प्रत्यक्षात सर्वांत खोल आहे. आधीपासून जे ठरवून ठेवलेले असते तेच बहुतेक माणसे राहू देतात, हे मानसशास्त्राने फार पूर्वी दाखवून दिले आहे. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये मरणोत्तर अवयवदानाच्या संमतीची तुलना मांडली. जर्मनीत, जिथे होकार स्वतःहून नोंदवावा लागे, संमती १२ टक्के होती. शेजारच्या ऑस्ट्रियात, जिथे होकार गृहीत धरला जाई आणि नकार नोंदवावा लागे, ती ९९ टक्क्यांहून अधिक होती. दोन देशांच्या माणुसकीत एवढे अंतर असणे शक्य नाही. अंतर अर्जाच्या रचनेत होते. अवयवदानात या रचनेमागे निदान लोकहिताचा युक्तिवाद तरी आहे, आणि त्यावर लोकप्रतिनिधींनी उघड चर्चा करून कायदा केलेला आहे. तुमच्या चौकटीमागे काय आहे? सदस्याचे वजन आणि झोप त्याला न विचारता विकता यावी, एवढेच. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी निर्णय दिला की आधीच खूण केलेली चौकट ही संमती नव्हेच. याचे कारण साध्या भाषेत असे, की न पुसलेल्या खुणेवरून माणसाने ती वाचली होती की नाही हेसुद्धा सांगता येत नाही.

विचारल्यावर लोक काय उत्तर देतात हेही आता जगाला ठाऊक आहे. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये, इतर ॲपमधून तुमचा माग काढू द्यायचा का, असा सरळ प्रश्न फोनच्या पडद्यावर आणला. फेब्रुवारी २०२२ मध्ये, फेसबुक चालवणाऱ्या आणि मुख्यतः जाहिरातींवर कमावणाऱ्या मेटाने सांगितले की या बदलामुळे त्या वर्षी आपले उत्पन्न सुमारे १ हजार कोटी डॉलरने घटेल. ॲपलचा हेतू शुद्ध होता की त्यात तिचा स्वतःचा फायदा होता, हा वाद मी बाजूला ठेवते. पण एक प्रश्न मोकळेपणाने विचारल्याबरोबर जर एवढे उत्पन्न ओसरत असेल, तर ते उत्पन्न प्रश्न न विचारण्यावर उभे होते, हे मान्य करावे लागते. तुमच्या कंपनीत हाच हिशेब छोट्या प्रमाणावर मांडून पाहा: खूण काढून टाकली तर किती सदस्य ती स्वतःहून करतील? "फारच थोडे" असे उत्तर बैठकीत कोणी दिले, तर ते उत्तर देणाऱ्यालाच विचारा की मग आज उरलेल्यांची जी माहिती जात आहे ती कोणाच्या इच्छेने जात आहे.

आता करायचे काय. तोंडी शंका काढून थांबू नका. तोंडी शंका बैठकीबरोबर संपते. दीड-दोन पानांचे टिपण लिहा, आणि त्यात आरोपाचा सूर येऊ देऊ नका. दोन स्क्रीनमध्ये आत येता येते तर दोनच स्क्रीनमध्ये बाहेर पडता आले पाहिजे, ही कसोटी मांडा. युरोपीय नियमावलीत संमतीबद्दल हेच तत्त्व आहे: ती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. त्याबरोबर पर्याय द्या, कारण नुसता नकार वरिष्ठांना अडथळा वाटतो आणि पर्याय हे काम वाटते. रद्द करण्याच्या पहिल्याच स्क्रीनवर, तितक्याच ठळकपणे, एक-दोन महिने विश्रांती घेण्याची सोय ठेवता येईल. व्यायामाच्या ॲपमध्ये लोक आजारपण, परीक्षा, प्रवास यांमुळे थांबतात आणि पुष्कळदा परत यायला तयार असतात. मापनही बदलायला सांगा. किती लोक बाहेर पडले नाहीत, एवढेच आज मोजले जात असेल; त्याच्या शेजारी, अर्ध्या वाटेवर अडकलेल्यांनी नंतर बँकेकडे पैसे परत मागितले का, तक्रार केली का, आणि सहज बाहेर पडू दिलेल्यांपैकी किती जण वर्षभरात परत आले, हे आकडे ठेवायला सांगा. सगळ्यांवर एकदम बदल करायला तयार नसतील तर ठरावीक सदस्यांवर सहा महिने हा प्रयोग करू द्या, असा आग्रह धरा. निकाल तुमच्या बाजूने लागेलच असे वचन मात्र देऊ नका. कदाचित उत्पन्न खरोखरच कमी होईल. तसे झाले तर, ते घटलेले पैसे कंपनीचे नव्हतेच, हे म्हणण्याची तयारी तुमच्या मनात आधीपासून हवी.

हे टिपण फक्त थेट वरिष्ठांना देऊन ठेवू नका. माहिती-संरक्षणाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्या अधिकाऱ्याला, कायदा विभागाला आणि अंतर्गत तक्रारीची व्यवस्था असेल तर तिथेही, योग्य क्रमाने आणि उघडपणे द्या. संगणक-व्यावसायिकांची जगातली एक जुनी संघटना, असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी, हिने २०१८ मध्ये आपली आचारसंहिता नव्याने लिहिली. व्यावसायिक निर्णयांत सार्वजनिक हिताचा विचार सर्वांत आधी, असे ती स्पष्ट सांगते. सोबत तिचा उल्लेख केलात तर "ही एका व्यक्तीची भावना आहे" असे म्हणणे अवघड जाईल. माहितीच्या गळतीचा प्रश्न आतून सुटलाच नाही, तर बाहेर नियामकाकडे जाण्यापूर्वी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्या. तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देणारे कायदे अनेक ठिकाणी आहेत, पण ते कोणत्या मार्गाने गेल्यास लागू होतात याचे नियम बारकाईचे असतात, आणि चुकीच्या दारात आधी गेल्यास ते संरक्षण हातचे जाऊ शकते.

नोकरी सोडावी का? आज नाही. ज्या व्यक्तीला हे खटकते ती निघून गेली की तिच्या जागी न खटकणारी व्यक्ती येते, आणि चार लाख सदस्यांच्या बाजूने त्या खोलीत कोणीच उरत नाही. शिवाय तुमच्यावर कोणाची जबाबदारी आहे, किती महिने पगाराशिवाय निभेल, हे मला माहीत नाही, आणि दुसऱ्याच्या चुलीवर नीतीची परीक्षा घेणे मला मान्य नाही. पण थांबायचे ठरवताना तुमची सीमा आत्ताच, मन शांत असताना, कागदावर लिहून ठेवा. प्रसंग आल्यावर आखलेली सीमा नेहमी थोडी मागे सरकते. माझ्या मते ती अशी असावी: सदस्यांना, नियामकाला किंवा तपास करणाऱ्याला तुमच्या नावाने किंवा तुमच्या सहीने खोटे सांगण्यास सांगितले गेले, अथवा लॉग पुसण्यास सांगितले गेले, तर त्या दिवशी निघायचे. वाईट रचना बदलण्यासाठी आत राहून झगडता येते. खोट्या विधानावर एकदा सही केली की झगडण्याची जागाच संपते, कारण मग लपवण्यासारखे काहीतरी तुमच्याकडेही असते. तोपर्यंत काही महिन्यांचा खर्च बाजूला टाकायला लागा, म्हणजे ही सीमा पाळणे तुम्हाला परवडेल.

राहिला तो नवा अभियंता. त्याच्या प्रश्नाला "वरून आले आहे" असे उत्तर देऊ नका. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत, चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारे सॉफ्टवेअर होते. ते सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आले, जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते बसवलेले होते. त्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या एका अभियंत्याला अमेरिकेतल्या न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये ४० महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली. तो कंपनीच्या शिखरावर बसणारा माणूस नव्हता. सात स्क्रीनची तुलना मी त्या गुन्ह्याशी करत नाही, आणि त्या मुलाला घाबरवण्यासाठीही हे सांगत नाही. पण कीबोर्डवर ज्याची बोटे असतात तो केवळ निरोप्या नसतो, हे त्याला नोकरीच्या पहिल्याच वर्षी एखाद्या वरिष्ठ व्यक्तीकडून कळले, तर त्याचे फार मोठे कल्याण होईल. त्याला खरे काय ते सांगा: हे काम मला पटलेले नाही, मी लेखी हरकत घेत आहे, तिचे उत्तर येईपर्यंत आपण हे काम पुढे नेणार नाही, आणि उत्तर काहीही आले तरी तुझ्यावर एकट्यावर ते येऊ देणार नाही. शेवटचे वाक्य पाळणे तुमच्या हातात आहे याची खात्री झाल्यावरच ते उच्चारा. आणि टिपण लिहायला बसाल तेव्हा त्याचा प्रश्न, त्याची हरकत नसेल तर त्याच्या नावासह, पहिल्याच परिच्छेदात घाला. तो त्याने तुमच्याआधी मोठ्याने विचारला होता.